पलीकडचं टोक

अबू शगाऱ्यात, तिसऱ्या मजल्यावर, तीनशे चार.
करारावर दोन खोल्या नि हॉल,
प्लाय ठोकून सात बिऱ्हाडं.
आमचं म्हणजे एक पलंग, पलंगाखाली बॅगा,
बॅगांवर तांदळाची गोणी
आणि मी, स्टुलावर मशीन मांडून
लोकांच्या अबायांना काठ लावणारी.

शेगड्या चार, त्यातली एक नुसती दिसायला.
आमची वेळ सव्वापाच ते पावणेसहा.
लिसम्माची मासळी लागली की माझ्या पोळ्यांना उशीर,
माझ्या पोळ्यांना उशीर की हनीफचाचांच्या चहाला,
आणि चाचांचा चहा राहिला
की मग सगळ्यांनी पंजाबी ऐकायची.

ऑगस्टात थंड नळालाच उकळतं पाणी.
बादली रात्री भरायची, वर झाकण,
झाकणावर चप्पल,
म्हणजे कोणी हात घालत नाही.

फ्रिजमध्ये अंड्यांवरसुद्धा नावं.
एकदा माझं एक गेलं.
भांडले नाही. उरलेल्या पाचांवर
मार्करनं मोठ्ठं लिहिलं : सुगंधा, सुगंधा, सुगंधा.
दुसऱ्या दिवशी सहावं होतं,
कोरं.

प्लायच्या पलीकडे टेकबहादूर.
रात्री कुठल्याशा टॉवरच्या दारात खुर्ची टाकून बसायचा,
सकाळी सातला यायचा, खोकायचा, झोपायचा.
पहिल्याच आठवड्यात त्यानं प्लायवर टकटक केलं,
दोनदा, हळूच.
तेव्हापासून माझं मशीन संध्याकाळी सहानंतर.
दिवसभर नुसती हातशिलाई.
कमाई निम्मी.
मी नवऱ्याला म्हणायचे, ह्याच्या झोपेचं भाडं
आपण भरतोय.
दोन वर्षं म्हणत होते.
कधी मुद्दाम कात्री पाडायचे.

मंगळवारी पालिकेची माणसं आली.
आवाज न चढवता बोलली. पहार मात्र मोठी होती.
चारच्या आत हॉल पुन्हा हॉल झाला,
केवढा तरी!
लिसम्माला हसू फुटलं, मग तिनं तोंडावर हात घेतला.
सात घरांच्या चादरी एका उजेडात,
कोणी कोणाच्या पलंगाकडे बघेना.
टेकबहादूर झोपेतून उठून उभा,
बनियनवर, हातात उशी.
खोकल्याच्या मानानं फारच लहान माणूस.

आमच्यामधला प्लाय आडवा करून नेताना
मला त्याची दुसरी बाजू दिसली.

पहिल्या दिवशी नवऱ्यानं कॅलेंडरसाठी खिळा मारला होता,
तीन इंची, हाताला आला तो.
बोटाच्या पेराएवढा आरपार गेलेला.
त्याच्या टोकाला कापूस,
कापसावर बँडेज, वरून वायरमनची काळी टेप,
टेपवर पुन्हा नवी टेप.
भोवती खोबरेलाचा वाटोळा डाग,
जिथे डोकं असतं तिथे.

त्यानं पाहिलं, मी पाहतेय ते.
मान हलवली, जशी ओळखीच्या माणसाला हलवतात,
आणि दोर शोधायला लागला, गादी बांधायला.
माझ्याकडे नाड्यांचं अख्खं बंडल होतं.
ते द्यायचं सुचलं
तेव्हा लिफ्ट खाली गेली होती.

तो सज्याकडे गेला म्हणतात, कोणाच्या तरी कंटेनरात.
आम्ही अजमानला. इथे जिप्समची भिंत,
दहा दिऱ्हम जास्त, म्हणे आवाज जात नाही.
जातो.

नवरा हातोडी घेऊन उभा राहिला,
कॅलेंडर कुठे?
मी म्हटलं थांब.
बोटानं भिंत वाजवली, दोनदा.
पलीकडून एक बाई काहीतरी म्हणाली,
मला न येणाऱ्या भाषेत,
रागानं असेल, किंवा दार उघडंच आहे असं.

कॅलेंडर अजून गुंडाळलेलंच आहे, गोणीमागे.
परवाची चतुर्थी
जेवण झाल्यावर कळली.